सनी लिस्टन: पडला, पाडला गेला की मुद्दाम झोपला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकन हेवीवेट बॉक्सर सनी लिस्टनबद्दलचे बहुतेक प्रश्न दोनच घटनांभोवती घुटमळतात. एक लुईस्टनची, जिथं तो मोहम्मद अलीसमोर आडवा झाला. दुसरी लास व्हेगासची, जिथं तो मेला. दोन्हींची उत्तरं खाली दिली आहेत आणि ती लांबलचक आहेत. तरीही अधले-मधले प्रश्न गाळून थेट तिथं जाऊ नका. लिस्टनला स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याच्याबद्दल जे काही कागदावर आहे ते पोलिसांनी, वकिलांनी, पत्रकारांनी आणि शेवटी कॉरोनरनं, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यानं, लिहिलेलं आहे. हे ध्यानात ठेवून वाचलं तर बऱ्याच गोष्टी वेगळ्या दिसू लागतात.

सनी लिस्टन कोण होता, थोडक्यात सांगा.

चार्ल्स लिस्टन, टोपणनाव सनी. सप्टेंबर १९६२ ते फेब्रुवारी १९६४ या काळातला हेवीवेट जगज्जेता. व्यावसायिक लढती ५४, विजय ५०, त्यातले ३९ नॉकआउटनं, पराभव ४. या चारातले दोन मोहम्मद अलीच्या हातून झालेले, आणि लोकांना तेवढेच पाठ आहेत. आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड १९९१ साली झाली. ‘मेल्यावर वीस वर्षांनी आठवण झाली’ असं यावर बऱ्याचदा ऐकू येतं, पण त्यात दम नाही. त्या हॉलमधल्या निवडीच मुळी १९९० पासून सुरू झाल्या.

त्याचं खरं वय काय होतं?

तो स्वतः ८ मे १९३२ ही जन्मतारीख सांगायचा. त्याच्या थडग्यावरही १९३२ हेच साल आहे. पण १९४०च्या जनगणनेत त्याचं वय दहा वर्षं लावलेलं आहे. जन्माचा दाखला नाही. अमेरिकेतल्या आर्कन्सॉ राज्यात अर्धेलीनं कापूस पिकवणाऱ्या काळ्या कुटुंबात जन्मलेल्या पोराची नोंद त्या काळी कोण करत बसणार? बाप टोब लिस्टनला दोन लग्नांतून मिळून पंचवीस मुलं होती म्हणतात, आणि सनी शेवटून दुसरा. बाप त्याला मारायचा. ते वळ मोठेपणीही त्याच्या अंगावर दिसायचे.

हा वाद फुकटचा नाही. १९३२ धरलं तर अलीशी पहिल्यांदा लढताना तो एकतिशीत होता, म्हणजे हेवीवेटच्या ऐन उमेदीत. दोन-चार वर्षं जास्त धरली तर समोर बावीस वर्षांचं चपळ पोर आणि आपले पाय जड झालेले, असं चित्र उभं राहतं. त्या पहिल्या लढतीत, मियामीत, तो एवढा लवकर का थकला याचं अर्धं उत्तर कदाचित इथंच आहे. त्याच्या वयावर शंका घेणारे पत्रकार तेव्हाही होते आणि असं कुणी विचारलं की तो भडकायचा.

बॉक्सिंग तो तुरुंगात शिकला हे खरं का?

खरं. आई सेंट लुईसला निघून गेली होती, तिच्यामागोमाग तोही अर्धवट वयात तिथं पोचला. शाळा नाही, काम नाही. मग लूटमार. १९५० साली दरोड्यांसाठी पाच वर्षांची शिक्षा होऊन तो जेफरसन सिटीच्या मिझुरी राज्य तुरुंगात गेला. तिथल्या धर्मगुरूंकडे, फादर स्टीव्हन्स यांच्याकडे, कैद्यांच्या खेळांचं काम होतं. त्यांनी त्याच्या हातात ग्लोव्ह्ज चढवले. ऑक्टोबर १९५२ मध्ये तो पॅरोलवर सुटला. पुढच्याच वर्षी शिकागोतली गोल्डन ग्लोव्ह्ज स्पर्धा त्यानं मारली, आणि त्या वाटेवर हेलसिंकी ऑलिंपिकचा हेवीवेट सुवर्णपदक विजेता एड सँडर्स याला हरवलं. सप्टेंबर १९५३ मध्ये पहिली व्यावसायिक लढत झाली ती ३३ सेकंदांत आटोपली.

तो माफियाचा माणूस होता का?

त्याच्या करारांची दोरी माफियाच्या हातात होती, हे आता कुणी नाकारत नाही. सेंट लुईसमध्ये जॉन विटाले, नंतर फिलाडेल्फियात ब्लिंकी पालेर्मो आणि त्याच्या वरचा फ्रँकी कार्बो. कागदावर मॅनेजर म्हणून पेप बॅरोन होता, पण तो नावापुरता. १९६० साली सिनेटर एस्टेस केफॉव्हर यांच्या उपसमितीनं बॉक्सिंगमधल्या गुन्हेगारीची चौकशी केली तेव्हा लिस्टनला साक्षीला बोलावलं होतं. तिथं त्याला वाचता येत नाही, जेमतेम सही करता येते, हे जगजाहीर झालं. ज्या करारांबद्दल त्याची उलटतपासणी चालली होती ते त्यानं वाचलेलेच नव्हते.

मात्र हे सगळं फक्त लिस्टनच्या गळ्यात मारणं चूक आहे. पन्नाशीच्या दशकात अमेरिकेत मोठी लढत मिळवायची तर कार्बोच्या दारावरून जावंच लागायचं. त्याच उपसमितीसमोर मिडलवेटचा माजी जगज्जेता जेक लामोटा यानं १९४७ची बिली फॉक्सविरुद्धची लढत आपण मुद्दाम हरलो अशी कबुली दिली, कारण त्याशिवाय जगज्जेतेपदाची संधी मिळणार नव्हती. कबुली देऊनही लामोटा पुढं नामवंत झाला, लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. लिस्टनवर एकही लढत विकल्याचं कधी सिद्ध झालं नाही, तरी तो शब्द त्याला चिकटला तो चिकटलाच. हा फरक का, याचं सोपं उत्तर माझ्याकडे आहे आणि ते लोकांना आवडत नाही: लामोटा गोरा होता, बडबड्या होता, आपली गोष्ट आपणच सांगत होता.

कार्बो आणि पालेर्मो १९६१ साली खंडणीच्या दुसऱ्याच एका खटल्यात अडकले. कार्बोला २५ वर्षं, पालेर्मोला १५. लिस्टननं मॅनेजर बदलला. त्यानं सगळे धागे तुटले असं मानणारा तेव्हाही कुणी नव्हता.

पोलिसाला मारल्याचं प्रकरण काय?

मे १९५६, सेंट लुईस. रस्त्यावरच्या एका टॅक्सीवरून एका पोलिसाशी वाद झाला. त्यात पोलिसाचा गुडघा मोडला आणि त्याचं पिस्तूल लिस्टननं काढून घेतलं. सुरुवात पोलिसानं केली, वर्णावरून शिवी दिली, असं लिस्टनच्या बाजूचं म्हणणं. नऊ महिन्यांची शिक्षा झाली आणि १९५७ हे अख्खं वर्ष रिंगबाहेर गेलं. त्यानंतर सेंट लुईसच्या पोलिसांनी त्याला सुखानं जगू दिलं नाही, म्हणून १९५८ मध्ये तो फिलाडेल्फियाला गेला. तिथंही तेच. फिलाडेल्फियात १९६१ साली एका उद्यानात रात्री एका बाईची गाडी पोलीस असल्याचं भासवून अडवल्याचा आरोप झाला. खटला टिकला नाही, पण बॉक्सिंगचं लायसन्स काही महिने गेलं. तो साधुसंत नव्हता. पण पोलीस त्याच्यावर टपून बसलेले असायचे, आणि तो काय करत होता यापेक्षा तो कोण आहे यावर ते जास्त असायचं.

रिंगमध्ये तो खरंच एवढा भारी होता का?

होता. बाकी सगळ्या वादांत हीच एक गोष्ट बाजूला पडते.

उंची १८५ सेंटिमीटर, म्हणजे हेवीवेटच्या मानानं फार नाही. पण हातांचा पल्ला २१३ सेंटिमीटर. स्वतःपेक्षा दहा-पंधरा सेंटिमीटर उंच माणसाचे हात त्याला लावल्यासारखे. मुठीचा घेर ३८ सेंटिमीटरच्या आसपास. ही आकडेवारी ऐकून धसमुसळा, अंगावर धावून जाणारा गडी डोळ्यांसमोर येतो. तसा तो नव्हता. तो जॅबवर, म्हणजे पुढच्या हाताच्या सरळ ठोशावर, लढायचा.

बहुतेक बॉक्सर जॅब वापरतात तो अंतर मापायला, समोरच्याला गुंतवून ठेवायला. खरा ठोसा मागून यायचा असतो. लिस्टनचा डावा जॅब हाच खरा ठोसा. तो लागला की समोरच्याचं डोकं खांद्यांच्या मागं जायचं, आणि मान परत सरळ होईपर्यंत त्याच हाताचा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, येऊन पोचलेला असायचा. जुन्या चित्रफिती थांबवत थांबवत पाहिल्या की कळतं: तो पाय आधी ठेवतो, मग मारतो. धावत जाऊन मारलेला ठोसा फार कमी. समोरच्याला एकेक पाऊल मागं रेटत दोरांपर्यंत न्यायचं, मग सुटका नाही.

एप्रिल १९५९ मधली क्लीव्हलंड विल्यम्सविरुद्धची लढत बघा. विल्यम्स हा त्या काळातला सगळ्यात जोरकस ठोसे मारणाऱ्यांपैकी एक. पहिल्या राउंडमध्ये त्यानं लिस्टनला असे ठोसे हाणले की दुसरा कुणी असता तर बसलाच असता. लिस्टनच्या नाकातून रक्त यायला लागलं. तो मागं सरकला नाही. तिसऱ्या राउंडमध्ये विल्यम्स संपला. पुढच्या वर्षी पुन्हा भेट झाली तेव्हा दोनच राउंड लागले. झोरा फॉली तीन राउंडांत गेला. एडी माचेन बारा राउंड टिकला, पण कसा? पळून, मिठ्या मारून, बडबड करून. तो टिकला हीच बातमी झाली.

म्हणूनच अव्वल दावेदार असूनही लिस्टनला जगज्जेतेपदाच्या लढतीसाठी ताटकळत ठेवलं. माफियाचं कारण पुढं केलं जायचं आणि ते खोटं नव्हतं. पण तेव्हाचा जगज्जेता फ्लॉइड पॅटरसन याचा मॅनेजर कस डीअमाटो याला आपला बॉक्सर हरणार हेही दिसत होतं.

जगज्जेता झाल्यावरही लोक त्याच्यावर नाराज का होते?

कारण लोकांना फ्लॉइड पॅटरसन हवा होता. मवाळ, नम्र, सुधारलेला मुलगा. राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी पॅटरसनला जानेवारी १९६२ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बोलावलं आणि लिस्टनशी लढू नकोस असं सुचवलं, असं सांगितलं जातं. काळ्यांच्या नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या एनएएसीपीतही सूर हाच होता: आपली चळवळ ऐन भरात असताना तुरुंगातून आलेला, गुंडांच्या हातातला माणूस आपला चेहरा व्हायला नको. न्यूयॉर्कनं लायसन्स नाकारलं. शेवटी लढत झाली शिकागोच्या कॉमिस्की पार्कमध्ये, २५ सप्टेंबर १९६२ रोजी. दोन मिनिटं सहा सेकंद. पॅटरसन खोटी दाढी लावून मैदानाबाहेर पडला. ती दाढी त्यानं येतानाच बरोबर आणलेली होती, यावरून काय ते समजा.

दुसऱ्या दिवशी लिस्टन विमानानं फिलाडेल्फियाला परतला. विमानात तो शेजारच्या ओळखीच्या पत्रकाराला सांगत होता की आता मी नीट वागणार, लोकांना अभिमान वाटेल असा जगज्जेता होणार. स्वागताला गर्दी असेल तर काय बोलायचं याची तालीमही करत होता. विमानाचं दार उघडलं. बाहेर काही पत्रकार, छायाचित्रकार आणि विमानतळाचे कर्मचारी. महापौर नाही, बँड नाही, गर्दी नाही. त्या पत्रकारानं, फिलाडेल्फिया डेली न्यूजच्या जॅक मॅकिनीनं, नंतर लिहिलं की लिस्टनचा चेहरा त्याच्यासमोर बदलत गेला. पुढच्या काही महिन्यांत तो डेन्व्हरला राहायला गेला.

जुलै १९६३ मध्ये लास व्हेगासला पॅटरसनशी परत सामना झाला. या वेळी दोन मिनिटं दहा सेकंद, म्हणजे चार सेकंदांची प्रगती. त्या डिसेंबरात एस्क्वायर मासिकानं मुखपृष्ठावर लिस्टनला सांताक्लॉजची टोपी घातली आणि अनेक जाहिरातदार बिथरले. त्याच वर्षी सप्टेंबरात बर्मिंगहॅमच्या चर्चमधल्या बॉम्बस्फोटात चार मुली मारल्या गेल्या तेव्हा तो युरोपच्या दौऱ्यावर होता. आपल्याला अमेरिकन असल्याची लाज वाटते असं तो जाहीरपणे बोलला. हे वाक्य अलीनं काढलं असतं तर आज सगळ्यांच्या तोंडी असतं.

मियामीत त्याचा खांदा खरंच दुखावला होता, की ते नाटक?

२५ फेब्रुवारी १९६४, मियामी बीच. समोर होता कॅशियस क्ले, म्हणजेच नंतरचा मोहम्मद अली. पैजेत त्याचा भाव एकास सात, म्हणजे तो हरणार असंच सगळे धरून चाललेले. ४६ क्रीडापत्रकारांपैकी ४३ जणांनी लिस्टनवर शिक्का मारला होता. तिसऱ्या राउंडमध्ये लिस्टनच्या डोळ्याखाली जखम झाली, असं त्याच्या कारकिर्दीत पहिल्यांदाच घडलं. चौथ्यानंतर क्लेचे डोळे जळू लागले, त्याला दिसेना, तो लढत सोडायला निघाला. त्याचा ट्रेनर अँजेलो डंडीनं त्याला अक्षरशः ढकलून परत लढायला पाठवलं. पाचवा राउंड क्लेनं पळून काढला आणि सहाव्यात लिस्टनला बदडलं. सातव्याची घंटा झाली तेव्हा लिस्टन स्टुलावरून उठलाच नाही.

डोळ्यांत काय गेलं? लिस्टनच्या जखमेवर लावलेलं औषध किंवा खांद्याला चोळलेलं तेल ग्लोव्हमार्फत गेलं असावं. मुद्दाम लावलं होतं असा आरोप आजही होतो. तो बिनबुडाचा नाही, कारण लिस्टनशी लढताना डोळे जळाल्याची तक्रार माचेननंही केली होती.

खांद्याबद्दल: डॉक्टरांनी त्याच रात्री तपासणी केली, डाव्या खांद्याजवळचा स्नायू दुखावलेला आढळला आणि अडवून ठेवलेलं मानधन सोडण्यात आलं. म्हणजे दुखापत होती. पण तिच्यामुळे लढता येत नव्हतं का? पंचांच्या कार्डांवर लढत बरोबरीत होती, जगज्जेतेपद हातात होतं, आणि तरी तो बसून राहिला. माझ्या मते त्याला हरायचं नव्हतं, पण त्या पोरानं आपल्याला मूर्ख बनवलं हे त्याच्यानं सोसवेना. सराव नीट केलेला नाही, माणूस दोन राउंडांत आटपायच्या तयारीनं आलेला, आणि सहा राउंड झाले तरी समोरचा हाती लागत नाही.

संशयाचं खरं कारण वैद्यकीय नाहीच. लिस्टनची भागीदारी असलेल्या इंटरकाँटिनेंटल प्रमोशन्स या कंपनीनं क्लेची पुढची लढत भरवण्याचे हक्क ५०,००० डॉलरला आधीच घेऊन ठेवले होते. जगज्जेत्याची कंपनी आव्हानवीराच्या पुढच्या लढतीवर पैसे का लावेल? व्यवसाय म्हणून बघितलं तर हा विमाच होता, आणि परतीच्या लढतीचा उघड करार करायला बंदी असल्यामुळे काढलेली पळवाट. पण दिसायला वाईट दिसलं. सिनेटच्या उपसमितीनं मार्च १९६४ मध्ये सुनावणी घेतली. लढत विकल्याचा पुरावा निघाला नाही.

लुईस्टनमध्ये नेमकं काय घडलं?

आधी ती लढत तिथं का झाली ते. ठरली होती बोस्टनला, नोव्हेंबर १९६४ मध्ये. तीन दिवस आधी अलीला हर्नियाचं तातडीचं ऑपरेशन करावं लागलं. तारीख पुढं गेली, मग मॅसॅच्युसेट्सनं अंग काढून घेतलं. शेवटच्या क्षणी मेन राज्यातलं लुईस्टन हे छोटं गाव आणि तिथलं मुलांचं आइस हॉकीचं सभागृह मिळालं. तिकिटं घेऊन आलेले लोक २,४३४. हेवीवेट जगज्जेतेपदाच्या लढतीला इतके कमी प्रेक्षक कधीच नव्हते. अली ज्या नेशन ऑफ इस्लाम या काळ्या मुस्लिमांच्या संघटनेत होता, तिच्यातून फुटलेले नेते माल्कम एक्स यांची फेब्रुवारीत हत्या झालेली. बदला म्हणून अलीवर रिंगमध्येच गोळ्या झाडल्या जाणार अशी कुजबुज होती आणि दारावर झडती घेतली जात होती.

२५ मे १९६५. पहिल्या राउंडच्या दुसऱ्या मिनिटात लिस्टननं डावा जॅब टाकला. अली मागं झुकला आणि त्या हातावरून त्याचा उजवा हात खाली उतरला. छोटा, तिरपा ठोसा. लिस्टन पडला. सभागृहातल्या अर्ध्या लोकांना तो ठोसा दिसलाच नाही. म्हणूनच त्याला ‘फँटम पंच’ हे नाव पडलं.

पुढचा गोंधळ ठोशाहून मोठा आहे. नियम असा की पाडणाऱ्यानं तटस्थ कोपऱ्यात जायचं, मगच मोजणी लागू होते. अली गेला नाही. तो लिस्टनच्या डोक्यावर उभा राहून ऊठ, लढ म्हणून ओरडत होता. रेफ्री होता माजी जगज्जेता जर्सी जो वॉलकॉट. तो अलीला हाकलण्याच्या नादात मोजणी करायचं विसरला. लिस्टन एकदा उठायला गेला, पुन्हा कोसळला, मग उभा राहिला. तोवर सतराएक सेकंद झाली होती. वॉलकॉटनं त्याचे ग्लोव्ह्ज पुसले आणि लढत पुन्हा सुरू झाली! तेवढ्यात ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर रिंगच्या कडेवरून ओरडले की टाइमकीपरचे दहा केव्हाच मोजून झाले. फ्लायशर यांना काडीचा अधिकार नव्हता. वॉलकॉट भर लढतीत दोघांना सोडून त्यांच्याकडे गेला, ऐकून परत आला आणि अलीचा हात वर केला. जाहीर झालेली वेळ एक मिनिट. घड्याळ लावून चित्रफीत पाहिली तर दोन मिनिटांच्या वर भरते.

ज्या फोटोनं हा क्षण अमर केला, तो नील लायफरचा रंगीत फोटो, त्यात अलीच्या पायांमधून पलीकडे एक छायाचित्रकार दिसतो. हर्बी शार्फमन. तोही लायफरसारखाच स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड मासिकासाठी काम करणारा आणि लायफरहून अनुभवी. फक्त चुकीच्या बाजूला बसला होता.

मग लढत ठरवलेली होती का?

चार तर्क आहेत. माफियानं पैजेसाठी हरवलं. नेशन ऑफ इस्लामच्या माणसांनी धमकावलं. अलीवर गोळ्या झाडल्या तर आपल्यालाही लागतील या भीतीनं तो खालीच राहिला. किंवा त्याला खरंच लागलं. अली स्वतः याला ‘अँकर पंच’ म्हणायचा, आणि जुना हेवीवेट जगज्जेता जॅक जॉन्सन याचा हा ठोसा आपल्याला स्टेपिन फेचिट या विनोदी नटाकडून मिळाला असं सांगायचा. एफबीआयनं पाळत ठेवली, कागद जमवले, गुन्हा कुणावरच दाखल झाला नाही. लिस्टन नंतर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळं सांगत राहिला, त्यामुळे त्याच्या एका वाक्यावर कुणीही आपला इमला बांधू शकतं.

माझं मत: ठोसा लागला. संथगतीत पाहिलं तर लिस्टनचं सगळं वजन पुढच्या डाव्या पायावर आहे आणि ठोसा बसताच तो पाय जमिनीवरून सुटतो. असं नाटक करायला माणूस सराईत नट हवा. पण पडल्यानंतरचं लोळणं मला पटत नाही. तो उठू शकत होता आणि उठावंसं त्याला वाटलं नाही. ‘फिक्स’ म्हणजे आधी ठरवून, पैसे घेऊन. त्याचा पुरावा साठ वर्षांत आलेला नाही. त्या क्षणी हातपाय गाळणं ही वेगळी गोष्ट, आणि मियामीत एकदा तेच झालं होतं.

त्यानंतर तो संपलाच ना?

नाही. लुईस्टननंतर त्यानं आणखी १६ लढती केल्या आणि १५ जिंकल्या. सुरुवातीच्या चार स्वीडनमध्ये, माजी जगज्जेता इंगेमार योहानसननं भरवलेल्या. डिसेंबर १९६९ मध्ये लास व्हेगासला लिओटिस मार्टिननं त्याला नवव्या राउंडमध्ये झोपवलं. जिंकलेल्या मार्टिनच्या डोळ्याचा पडदा त्या लढतीत सुटला आणि त्याचीही ती शेवटची लढत ठरली. जून १९७० मध्ये लिस्टननं जर्सी सिटीत चक वेपनरचा चेहरा असा फोडला की ७० हून जास्त टाके पडले. हाच वेपनर १९७५ साली अलीसमोर पंधराव्या राउंडपर्यंत टिकला.

या काळात सरावाला त्याच्याबरोबर कोवळा जॉर्ज फोरमन असायचा. फोरमनचा जॅब, फोरमनची ती थंड नजर कुठून आली हे वेगळं सांगायला नको. आपल्याला मागं रेटणारा एकच माणूस भेटला, लिस्टन, असं फोरमन सांगायचा.

त्याचा मृत्यू कसा झाला?

५ जानेवारी १९७१ रोजी त्याची बायको जेराल्डीन सेंट लुईसहून लास व्हेगासच्या घरी परतली. दाराशी वर्तमानपत्रं आणि दुधाच्या बाटल्या साठलेल्या. आत लिस्टन बेडरूममध्ये मेलेला, देह कुजायला लागलेला. पोलिसांनी साठलेल्या बाटल्या आणि पेपर मोजून मागचा हिशेब केला आणि मृत्यूची तारीख ३० डिसेंबर १९७० धरली. जन्मतारीख अंदाजानं, मृत्यूची तारीखही अंदाजानं.

कॉरोनरचा निष्कर्ष: फुप्फुसात पाणी साठणं आणि हृदय बंद पडणं, नैसर्गिक मृत्यू. शरीरात मॉर्फीन आणि कोडीनचा अंश सापडला, पण जीव जाण्याइतका नाही. घरात थोडं हेरॉइन सापडलं. सुई सापडली नाही.

तो खून होता असं म्हणतात, त्यात कितपत तथ्य?

खुनाच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा असा: लिस्टनला सुईची प्रचंड भीती होती, दंतवैद्याकडेसुद्धा तो इंजेक्शन घ्यायला तयार नसे, असं त्याला ओळखणारे अनेक जण सांगत. मग दंडावर टोचल्याच्या खुणा कुठून आल्या? कुणीतरी जबरदस्तीनं टोचलं. का? लुईस्टनचे राहिलेले पैसे मागितले म्हणून, अमली पदार्थांच्या धंद्यात कुणाच्या आड आला म्हणून, सावकारांची वसुली करताना बिनसलं म्हणून. एवढ्या ‘म्हणून’ आहेत, यातच काय ते आलं. प्रत्येक कथेला खुनी वेगळा.

दुसरी बाजू कमी रंगतदार आहे. नोव्हेंबर १९७० मध्ये गाडीच्या अपघातानंतर तो इस्पितळात होता, तिथं टोचलं गेलं असणारच. रक्तदाब, दारू, चाळिशीच्या आसपासचं आणि ठोसे खाऊन थकलेलं शरीर. आठवडाभर पडून राहिलेल्या देहाच्या तपासणीतून फार काही कळण्याची आशाही नसते. मला खून सिद्ध झाल्यासारखा वाटत नाही, आणि नैसर्गिक मृत्यूही नीट तपासल्यासारखा वाटत नाही. लास व्हेगासमध्ये १९७१ साली या माणसाच्या मरणामागं हात धुऊन लागण्याची कुणाला गरज वाटली नाही, एवढं नक्की.

बीटल्सचं आणि त्याचं काय नातं?

जवळपास काही नाही. १९६७च्या त्यांच्या गाजलेल्या अल्बमच्या मुखपृष्ठावरच्या गर्दीत लिस्टनचा मेणाचा पुतळा उभा आहे. मियामीत त्यांच्याबरोबर फोटो काढायला मात्र क्लेच आला होता.

सर्वोत्तम हेवीवेटच्या यादीत त्याला कुठं ठेवाल?

अशा याद्या म्हणजे रिकामटेकड्यांचा उद्योग, तरी विचारलंच आहे म्हणून. १९५९ ते १९६३चा लिस्टन घेतला तर त्याच्यासमोर निर्धास्तपणे उभा राहील असा हेवीवेट मला चार-पाचांपलीकडे आठवत नाही. पण जगज्जेतेपद त्यानं दीड वर्षही राखलं नाही, आणि राखताना एकाच माणसाला, तेही आधीच हरवलेल्याला, पुन्हा हरवलं. ताकद एकीकडे, कामगिरी दुसरीकडे. पहिल्या दहात हो, पहिल्या पाचात नाही.

त्याच्या लढती बघायच्या तर सुरुवात कुठून करू?

विल्यम्सविरुद्धची १९५९ची पहिली लढत. मग पॅटरसनच्या दोन्ही, एकामागून एक, पाच मिनिटांत होतात. त्यानंतर मियामी, पण अलीवर नजर न ठेवता सगळे सहा राउंड फक्त लिस्टनचे पाय बघा. तिसऱ्या राउंडनंतर ते कसे जड होतात ते दिसेल. लुईस्टन शेवटी ठेवा आणि हाताशी घड्याळ असू द्या.